पोस्त, बोनस आणि सर्व्हिस चार्ज

ठरल्या मोलापेक्षा वर जे द्यायचे, त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. बक्षीस, इनाम, खुशाली, चिरीमिरी, चहापाणी, आणि या दिवसांतली पोस्त. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाळंतपण सुखरूप पार पाडणाऱ्या सुइणीला कोणी चिरीमिरी देत नसे, आणि फाइल पुढे सरकवणाऱ्या शिपायाला कोणी इनाम देत नाही. देणारा कोण, घेणारा कोण, काम होऊन गेले आहे की अजून व्हायचे आहे, यावरून शब्द ठरतो. एक गोष्ट मात्र सगळ्यांत समान आहे: देणे वा न देणे ही देणाऱ्याची मर्जी.

मर्जीच्या पलीकडे आपल्या भाषेत दुसरे एक खाते आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचे जे वर्णन केले आहे ते वाचताना हे लख्ख दिसते. सुताराला, लोहाराला खळ्यावर मिळणारे धान्य हे कुणब्याचे औदार्य नव्हते. तो त्यांचा वाटा होता. जुन्या वतनी कागदांत ‘हक्क-लाजिमा’ असा जोडशब्द येतो, तो याच खात्यातला. ती व्यवस्था जातीच्या दाव्याला बांधलेली होती, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण हक्काचे काय आणि मर्जीचे काय, हा भेद गावातल्या अडाणी माणसालाही कळत होता, एवढे त्यातून घ्यावे.

गेली काही वर्षे हॉटेलच्या बिलात जेवणाच्या रकमेखाली ‘सर्व्हिस चार्ज’ नावाची जी ओळ छापून येते, ती या दोनपैकी कोणत्या खात्यात बसते, असा प्रश्न मला पडला. त्याचा माग काढताना एक गोष्ट ध्यानात आली. ही ओळ गिऱ्हाइकापुढे हक्क म्हणून उभी राहते आणि वेटरपुढे मर्जी म्हणून. सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे.

आधी भांडणाची हकीकत. एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, बिलातील तो रकाना कोरा ठेवावा, आकडा गिऱ्हाइकाने भरावा, असा त्यांचा आशय. सूचना कागदावर राहिल्या. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने ४ जुलै २०२२ रोजी अधिक कडक शब्दांत तेच सांगितले: सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, तो नाकारणाऱ्याला दारातून परत पाठवू नये, आणि तो बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटी आकारू नये. तक्रारीसाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांकही दिला.

हॉटेलमालकांच्या दोन देशव्यापी संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली. मालकांचे म्हणणे थोडक्यात असे होते: ही प्रथा ऐंशीहून अधिक वर्षांची आहे, दर मेनूकार्डावर छापलेला असतो, तो वाचूनच माणूस आत बसतो, आणि किंमत ठरवण्याचा अधिकार धंदा करणाऱ्याचा आहे. खटला चालू असताना, २०२३ मध्ये, न्यायालयाने एक मधला मार्ग काढून पाहिला. एका संघटनेच्या सभासदांनी ‘सर्व्हिस चार्ज’ऐवजी ‘स्टाफ काँट्रिब्यूशन’ म्हणावे आणि दहा टक्क्यांवर जाऊ नये, असे सांगितले. शेवटी २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंग यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या, प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही बसवला. सक्तीचा सर्व्हिस चार्ज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. हा सरकारचाच कर आहे असा गिऱ्हाइकाचा समज होतो, हे त्याचे एक कारण. त्यावर अपील झाले आहे.

खटल्यातल्या पक्षकारांकडे पाहा. एका बाजूला मालकांच्या संघटना, दुसऱ्या बाजूला ग्राहकांचे प्राधिकरण आणि सरकार. ज्याच्या नावाने हा पैसा मागितला जातो तो वेटर या दोन्ही पंगतींत नाही.

त्याचा शोध घ्यायचा तर ग्राहकांचे खटले सोडून कामगारांचे आणि प्राप्तिकराचे खटले काढावे लागतात. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली म्हटले, की गिऱ्हाइकांकडून सर्व्हिस चार्ज गोळा करून कामगारांना वाटला, तर ती रक्कम मालकाच्या खिशातून गेलेली नसते. हा विचार कामगाराच्या उपयोगाचा आहे. ‘तुला वरचे पैसे मिळतात, मग पगार कमी का नसावा?’ असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. पण त्याच सुरीला दुसरी धार आहे. कामगार राज्य विमा महामंडळानेही असेच धरले, की थेट टिपऐवजी कामगारांच्या वतीने गोळा केलेला सर्व्हिस चार्ज म्हणजे वेतन नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात प्रश्न होता तो कार्डावरून दिलेल्या टिपांचा. हॉटेलने त्या कामगारांना वाटताना उगमापाशी प्राप्तिकर कापायला हवा होता काय? सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. टिप गिऱ्हाईक खुशीने देते, मालकाकडून ती मागण्याचा कामगाराला पक्का हक्क नाही, म्हणून ती पगार नाही.

करापुरता हा निर्णय वेटरला जाचक नाही. पण जे वेतन नाही, त्याच्यावर वेतनाला धरून येणाऱ्या कोणत्याच गोष्टीची मोजणी होत नाही. आजारपणाचा भत्ता नाही, निवृत्तीची पुंजी नाही. महिनाअखेर हातात येणाऱ्या रकमेतला मोठा भाग ज्या माणसाला या वाटेने मिळतो, त्याच्या आयुष्याचा तेवढा भाग कोणत्याच वहीत चढत नाही.

वहीचे मला ठाऊक आहे. कॉमर्सचे शिक्षण अर्ध्यावर सोडून १९९० च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलात तीन वर्षे गल्ल्यावर बसत होतो. बिल बडीशेपेच्या बशीतून जाई आणि त्याच बशीतून सुटे पैसे परत जात. त्यातले जे बशीत उरे ते वेटर गल्ल्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. शनिवारी रात्री डबा उपडा होई. वेटरांचा वाटा सारखा, भट्टीवरच्या वस्तादाचा अर्धा, मोरीवर भांडी घासणाऱ्या पोराचा पाव. हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते, पण त्यात फरक केलेला कोणी खपवून घेतला नसता. मालक फुटलेल्या कपबशांचे पैसे आधी त्या डब्यातून काढून घेई, आणि त्यावर कोणी तोंड उघडत नसे. डबा कामगारांचा, पण झाकण मालकाच्या हाती. आजच्या छापील बिलात तो डबाही उरलेला नाही. पैसा थेट हॉटेलच्या खात्यात जातो, आणि पुढे त्याचे वाटे कसे पडतात हे बाहेर कोणाला दिसत नाही.

मर्जीच्या खात्यातली गोष्ट हक्काच्या खात्यात कधी गेलीच नाही काय? गेली आहे, आणि तीही आपल्या मुंबईत. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना तेजी आली आणि महागाईने कामगार टेकीला आला, तेव्हा १९१७ पासून मालकांनी पगारावर काही टक्के ‘वॉर बोनस’ दिला. युद्धानंतरच्या नफ्याच्या वर्षांत महिन्याच्या पगाराएवढा वार्षिक बोनस मिळू लागला. मालकांच्या लेखी ही पोस्तच होती, आकार मोठा एवढेच. १९२३ साली धंदा बसल्याचे सांगून त्यांनी ती थांबवली. १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला: वहिवाट, कायदा किंवा न्यायबुद्धी, यांपैकी कोणत्याही आधारावर कामगारांना बोनसवर दावा सांगता येत नाही. संप मोडला.

पण मागणी मोडली नाही. १९५० साली मुंबईच्या गिरणीमालकांच्या आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या वादात श्रम अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिले. घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद आणि भांडवलावरचा परतावा बाजूला काढल्यावर उरलेल्या नफ्यात कामगारांचा वाटा आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने नफा असो वा नसो, किमान बोनस बंधनकारक केला. आधी ४ टक्के, पुढे ८.३३. हा दुसरा आकडा म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. मॅक्लिऑड समितीने ज्यावर दावा चालत नाही म्हटले, नेमके तेच माप.

बोनस आणि टिप दोन्ही मर्जीतून निघाल्या, मग एकच पुढे का गेली? माझ्या मते कारण असे: गिरणी कामगाराला देणारा एकच होता, आणि तो त्याचा मालक होता. दाव्याला तोंड होते. वेटरला देणारे रोज शंभर, त्यातले बहुतेक पुन्हा न दिसणारे. त्यांच्याविरुद्ध संप करता येत नाही. मालक म्हणतो, मी देणारा नव्हे, मी फक्त मधला. आणि बिलात तीच रक्कम सक्तीने लावताना तोच मालक म्हणतो, ही माझी किंमत आहे. किंमत असेल तर ती मालकाचे उत्पन्न, आणि त्यातून दिला जातो तो पगार. पगार नसेल तर ती किंमत नव्हे. दोन्ही एका वेळी खरे असू शकत नाही.

ही गाठ इतर देशांनीही सोडवून पाहिली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिप देण्या-घेण्यावरच बंदी घातली. आणखी सहा राज्यांनी तसे केले, पण १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गेले, कारण त्यांनी गिऱ्हाइकाचा हात धरला आणि पगाराला हात लावला नाही. याउलट पुलमन कंपनीच्या शयनयानांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. टिपांसाठी हात पसरण्याऐवजी पुरता पगार, ही त्यांची मागणी होती. १९३७ मध्ये त्यांनी कंपनीशी करार मिळवला. पण हॉटेलांच्या बाबतीत १९६६ च्या दुरुस्तीने टिप हा किमान वेतनाचा भाग मानण्याची मुभा मालकाला दिली. संघीय कायद्यानुसार टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायचा किमान दर १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटच आहे. बाकीचे गिऱ्हाइकाने भरायचे, कमी पडले तर मालकाने. तिकडे मुलांकडे जाऊन आलेले आपले लोक बिलावरच्या वीस टक्क्यांबद्दल कुरकुर करतात, त्या वीस टक्क्यांचे मूळ हे आहे.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. १९३३ च्या कायद्याने सेवेपोटी गोळा केलेला पैसा पुरता कामगारांना देण्याचे बंधन मालकावर आले, आणि १९८७ पासून मेनूवरची किंमत सेवेसह लिहावी लागते. त्यावर कोणी चार नाणी ठेवलीच तर ती खरी खुशाली. ब्रिटनमध्येही २०२३ चा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. टिप आणि सर्व्हिस चार्ज कपात न करता कामगारांपर्यंत पोचवणे, वाटणीची लेखी पद्धत ठेवणे आणि त्याची नोंद करणे तिथे बंधनकारक आहे.

आपल्याकडे दहा वर्षे ‘घ्यावा की न घ्यावा’ एवढाच वाद चालला आहे. घेतलेला पैसा कोणाचा, या प्रश्नावर तसा कायदा नाही. हॉटेले किमान वेतनाच्या अनुसूचीत होती, बोनस कायदाही त्यांना लागू होता, तेव्हा पाया नव्याने खणायचा नाही. मालकाला सेवेचे मोल हवे असेल तर त्याने ते थाळीच्या किमतीत घालावे आणि पगारपत्रकात दाखवावे. वेगळी ओळ ठेवायची असेल तर तिचा हिशेब कामगारांना दिसेल असा ठेवावा. दोन्ही नको असेल तर ओळ पुसून टाकावी.

पोस्त मला आवडते. या आठवड्यात पोस्टमन, कचरा नेणारी बाई, इमारतीचा रखवालदार दारात येतील, आणि फराळाच्या पुडीबरोबर पाकीट देताना दोन्हीकडे बरे वाटेल. पण त्या बाईचा किमान पगार कंत्राटदाराने थकवला असेल, तर माझ्या पाकिटाने तो भरून निघत नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही तिच्यावर लादू नये. हॉटेलात बिल भरताना मी आता वेटरला विचारतो, ‘दादा, यातले तुमच्यापर्यंत किती येते?’ काही जण आकडा सांगतात. बरेच जण आधी गल्ल्याकडे पाहतात.