गर्भाचं औषध, डोक्याच्या मारावर

शिंदखेड्यात मेडिकलवर प्रोजेस्टेरॉन मागितलं, तर दुकानदार चिठ्ठी बाईच्या नावाची आहे हे गृहीतच धरतो. गर्भ टिकावा म्हणून मऊ कॅप्सूल, नाहीतर तेलातलं इंजेक्शन. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून तेल. आणि म्हणूनच टोचलेली जागा चांगली ठणकते. पण हेच औषध एकदा डोक्याच्या मारावर उतारा ठरेल, अशी डॉक्टरांना आशा होती.

1934 साली चार वेगवेगळ्या गटांनी हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळवलं. तेव्हा ते डुकरिणींच्या बीजांडकोशांतून काढत, त्यामुळे भयंकर महाग. पुढे रसेल मार्करने मेक्सिकोतल्या रानकंदापासून ते बनवलं आणि किंमत कोसळली.

मेंदूशी नातं जुळलं ते उंदरांमुळे. डोनाल्ड स्टाइन या अमेरिकी संशोधकाला दिसलं, की मेंदूला इजा झाली की माद्या नरांपेक्षा बऱ्या सावरतात. प्रोजेस्टेरॉन भरपूर असलेल्या माद्यांच्या मेंदूला तर सूजही फारच कमी. मग नरांना तेच टोचलं, त्यांचीही सूज उतरली. 1995 मध्ये फ्रेंच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी स्वतःच हे संप्रेरक तयार करतात. म्हणजे ते नुसतं गर्भाशयाचं नव्हतंच.

2007 साली अटलांटातल्या 100 रुग्णांच्या चाचणीत महिन्याभरात औषध मिळालेल्यांपैकी 13 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 30 टक्के. एवढ्यावर हुरळून जाणं स्वाभाविक होतं, पण 100 माणसं म्हणजे फारच थोडी. दिल्लीच्या एम्समध्येही चाचणी झाली. डिसेंबर 2014 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक 882 रुग्णांची, दुसरी 1195 जणांची. फरक शून्य.

माझ्या मते दोष औषधापेक्षा आपल्या अपेक्षेचा. प्रयोगशाळेत सगळ्या उंदरांना सारखाच मार बसतो. रस्त्यावर आपटलेली दोन डोकी सारखी नसतात. त्यातल्या एका चाचणीत तर इजेनंतर 4 तासांच्या आत औषध सुरू करायची अट होती. मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाण्याजवळ कुणी पडलं, तर धुळ्याला पोहोचून तपासणी होईस्तोवर त्यातला बराच वेळ सरलेला असतो.

तेव्हा डोक्याला मार लागलेल्यासाठी हे इंजेक्शन शोधत फिरू नका. आधी 108 ला फोन लावा, मान न हलवता माणसाला झोपवून ठेवा, आणि मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या.