पॅरिसमधील परदेशस्थांचे वाइन-आस्वादन वर्ग आणि 1976 ची चाचणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
फ्रान्सच्या सामाजिक व आर्थिक इतिहासात वाइनला राष्ट्रीय प्रतिष्ठेचे स्थान आहे. 1855 मध्ये पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बोर्दो प्रांतातील वाइनची श्रेणीनिहाय वर्गवारी करण्यात आली. तिच्या प्रथम श्रेणीत पहिला बदल 1973 मध्ये, म्हणजे 118 वर्षांनी झाला. त्या वर्षी ‘मूताँ-रोथशिल्ड’ला या श्रेणीत स्थान मिळाले. 1935 पासून उगमस्थानानुसार नामनियंत्रणाची व्यवस्थाही अस्तित्वात आली. उत्तम वाइन फ्रान्सच्या मातीतच निर्माण होते, हा समज या परंपरेने दृढ केला. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये झालेल्या एका आस्वादन-चाचणीने या समजाला धक्का दिला. प्रस्तुत लेखात या घटनेचा विचार पॅरिसमधील परदेशस्थांच्या आस्वादन वर्गाच्या संदर्भात करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :
1. पॅरिसमधील परदेशस्थांच्या आस्वादन वर्गाची पार्श्वभूमी समजून घेणे.
2. 1976 च्या चाचणीची पद्धती व निकाल यांचे परीक्षण करणे.
3. या घटनेतील परदेशस्थांच्या भूमिकेचे मूल्यमापन करणे.

आस्वादन वर्गाची पार्श्वभूमी :
स्टीव्हन स्परियर या इंग्रज तरुणाने 1970 च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमधील मादलेन परिसरात वाइनचे एक लहानसे दुकान विकत घेतले. शहरात राहणारे इंग्रजी भाषक त्याचे ग्राहक झाले. वाइन विकत घेताना तिच्याविषयी जाणून घेण्याची इच्छा त्यांच्यात होती. परंतु फ्रेंच घरांत पिढीजात मिळणारे हे ज्ञान परक्यांना सहज उपलब्ध नव्हते. ही गरज ओळखून 1973 मध्ये ‘आकादेमी द्यू व्हँ’ ही शिक्षणसंस्था सुरू झाली. अमेरिकन लेखक जॉन विनरॉथ आणि अमेरिकन तरुणी पॅट्रिशिया गॅलाघर हे या कार्यात स्परियरचे सहकारी होते.

मार्गदर्शित आस्वादनाची रीत साधी असते. प्रथम पेल्यातील वाइनचा रंग पाहावयाचा, नंतर पेला हलवून गंध घ्यावयाचा आणि शेवटी घोटभर वाइन तोंडात घोळवून आंबटपणा, तुरटपणा व मागे रेंगाळणारी चव पारखावयाची. दोन वाइनच्या मध्ये पाणी व पाव घेतला जातो. असे वर्ग सोबत्यांच्या संगतीत आनंदाने पार पडत असले, तरी त्यांतून एक महत्त्वाची सवय लागते. कीर्ती बाजूस ठेवून समोरच्या पेल्याविषयी स्वतःचे मत बनविणे, ही ती सवय होय.

चाचणीची पद्धती :
अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त कॅलिफोर्नियातील वाइन फ्रेंच तज्ज्ञांपुढे ठेवण्याची कल्पना गॅलाघर हिची होती, याची नोंद घेणे आवश्यक आहे. एरवी या घटनेचे श्रेय एकट्या स्परियरला दिले जाते. कॅलिफोर्नियाहून निघालेल्या एका प्रवासी गटाच्या सामानातून बाटल्या पॅरिसला आल्या. नऊ फ्रेंच परीक्षकांत ‘रव्ह्यू द्यू व्हँ द फ्रान्स’ या नियतकालिकाच्या संपादिका ओदेत कान आणि बरगंडीतील उत्पादक ओबेर द व्हिलेन यांचा समावेश होता. शार्दोने द्राक्षांच्या पांढऱ्या आणि काबर्ने सोव्हिन्याँच्या लाल, अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या सहा व फ्रान्सच्या चार वाइन होत्या. प्रत्येक वाइनला वीसपैकी गुण द्यावयाचे होते. कोणत्या पेल्यात कोणाची वाइन आहे, हे परीक्षकांना ठाऊक नव्हते.

निकाल व त्याची चिकित्सा :
पांढऱ्या गटात 1973 ची ‘शातो माँटेलेना’ व लाल गटात 1973 ची ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ या कॅलिफोर्नियाच्या वाइन प्रथम आल्या. पहिली घडविणारा माइक ग्रगिच हा क्रोएशियातून आलेला स्थलांतरित होता. दुसरीचा निर्माता वॉरेन विनिआर्स्की हा पोलिश स्थलांतरितांच्या कुटुंबातील होता.

तथापि, या निकालाचा अर्थ लावताना तारतम्य आवश्यक आहे. लाल गटात दुसरे ते चौथे हे तिन्ही क्रमांक बोर्दोचे होते आणि पहिल्या दोहोंतील अंतर अत्यल्प होते. नऊ व्यक्तींच्या एका दिवसाच्या मतावरून ‘फ्रान्सचा पराभव झाला’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते. मात्र, नाव झाकताच देशोदेशींच्या वाइनमधील भेद तज्ज्ञांनाही निश्चितपणे सांगता आला नाही, ही बाब निर्विवाद आहे. बोर्दोची वाइन मुरण्यास अधिक काळ लागतो, हा फ्रेंचांचा आक्षेप होता. 2006 मध्ये त्याच लाल वाइनची लंडन व नापा येथे पुन्हा चाचणी झाली, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले.

वार्ताहराचे महत्त्व :
या चाचणीस एकच वार्ताहर उपस्थित होता, तो म्हणजे ‘टाइम’ साप्ताहिकाचा पॅरिसस्थित अमेरिकन प्रतिनिधी जॉर्ज टेबर. तो स्वतः आकादेमीच्या वर्गाचा माजी विद्यार्थी होता. वाइनची यादी त्याच्या हाती असल्याने परीक्षकांचे चुकणारे अंदाज त्याला जागेवरच टिपता आले. जूनमधील त्याच्या छोट्या वृत्तामुळे ही घटना जगभर पोहोचली. वर्गातील ओळख नसती, तर कदाचित ही दुपार विस्मृतीत गेली असती.

महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासाचा एक दुवा नोंदविता येतो. कॅलिफोर्नियात शिक्षण व नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, ती कॅलिफोर्नियाचेच वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या साहाय्याने. राज्य शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नावाजलेल्या भूमीबाहेरही उत्तम वाइन होऊ शकते, हा विश्वास या प्रयत्नांनाही आवश्यक होता.

निष्कर्ष :
1976 च्या चाचणीची कल्पना, तिचे आयोजन आणि वृत्तांकन ही तिन्ही कार्ये पॅरिसमधील परक्यांच्या हातून घडली. परंपरेच्या आत वाढलेल्यांना जो प्रश्न सुचला नाही, तो परंपरा शिकू पाहणाऱ्यांना सुचला. निर्णय मात्र फ्रेंच परीक्षकांच्याच जिभेने दिला, म्हणून त्याला वजन प्राप्त झाले. परक्यांची जिज्ञासा आणि जाणकारांचा प्रामाणिक आस्वाद यांच्या संयोगातून प्रस्थापित प्रतिष्ठेची फेरतपासणी शक्य होते, हे या घटनेवरून स्पष्ट होते.