गोट, कंपू आणि नकाशाचे कोडे

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या संगणकखोलीत नववीच्या मुलांनी अख्खे लष्कर शहर उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात नेऊन बुडवले! ग्वाल्हेर सुमारे २६.२ उत्तर अक्षांश आणि ७८.२ पूर्व रेखांशावर आहे. मुलांनी आणलेल्या माहितीत रेखांश आधी लिहिलेला होता, आणि नकाशा दाखवणाऱ्या आज्ञावलीला अक्षांश आधी हवा होता. अदलाबदल झाली, आणि महाराजवाडा स्वालबार्ड बेटांजवळच्या बर्फाळ पाण्यात उमटला. सगळे पोट धरून हसले. भूगोलाच्या तासाला वर्षभर जे जमले नव्हते ते त्या एका चुकीने साधले. अक्षांश-रेखांश पुन्हा कोणी विसरले नाही.

मुले एक खेळ तयार करीत होती. पडद्यावर नावे पुसलेला खरा नकाशा येतो, खाली एक कोडे येते, आणि खेळणाऱ्याने नकाशावर नेमके ठिकाण दाबायचे. जितके जवळ, तितके गुण जास्त. वेगळे काही विकत आणावे लागत नाही. इंटरनेटचे पान उघडले की खेळ सुरू.

कल्पना तशी जुनीच आहे. इ. स. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. तुकडे जुळवता जुळवता मुलांनी भूगोल शिकावा, हा हेतू. आज लाकडाची जागा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ने घेतली आहे. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे आणि कोणालाही मोफत वापरता येतो.

खेळ उभा राहिला, पण कोडी कुठून आणायची? मी म्हटले, “लांब कशाला जाता? आपल्या गल्लीचे नाव का पडले ते सांगा.” सगळे गप्प.

वाचकांना ठाऊक असेलच, ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याचे लष्कर हे शहर म्हणून वसवलेले नव्हते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी तिथे पडली ती उठलीच नाही. तंबूंची घरे झाली. त्याआधी एकच वर्ष, १८०९ मध्ये, ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी याच फिरत्या छावणीत होता. त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. मुक्काम बदलला की आधी पुढे गेलेले बिनीवाले महाराजांच्या डेऱ्यांच्या जागी पांढरे निशाण रोवीत. मग एकेका बाजाराचे निशाण लागे, आणि बाजारांचा क्रम कधी बदलत नसे. म्हणजे गाव रोज उठे, पण नकाशा तोच राही!

या छावणीच्या खुणा आजही गल्ल्यांच्या नावांत आहेत. महादजी शिंद्यांनी डी बॉइनकरवी कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना ‘कंपू’ म्हणत. आज कंपू हा लष्करातला एक भाग आहे, आणि आपण मात्र टवाळांच्या टोळीला कंपू म्हणतो. जिनसी म्हणजे तोफखाना. जिनसी नाला आजही आहे. फाळक्यांच्या नावाचा फालका बाजार आहे. चिटणिसांची आणि निंबाळकरांची ‘गोठ’ आहे.

‘गोठ’पाशी मात्र गाडी अडली. एका मुलीने आजीला विचारून उत्तर आणले, “सर, तिथे चिटणिसांच्या गाई बांधत असतील.” मुलगी मराठी घरातली, आजीही मराठीच. मूळ शब्द ‘गोट’, म्हणजे सरदाराचा स्वतंत्र तळ. ‘शत्रूच्या गोटात’ आपण रोज लिहितो तोच. हिंदी बोलीत त्याचा ‘गोठ’ झाला आणि मराठी कानाला त्यात गोठा ऐकू आला. शब्द मेला नव्हता, पाटीवर ठळक अक्षरांत उभा होता. फक्त त्याला ओळखणारे कोणी राहिले नव्हते. त्या दिवशी मला वाईट वाटले ते मुलीचे नव्हे, माझेच. तीस वर्षे मी त्याच पाटीखालून शाळेत जातो आणि एकाही वर्गाला हे सांगितले नव्हते.

मग कोडे ठरले : “गाई नाहीत तरी गोठ, इथे उतरत कोणाचे घोडे?”

या नकाशाची एक सोय आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकांना सांगण्याजोगी आहे. त्यात एकाच जागेला हिंदी नाव वेगळे, मराठी वेगळे, कन्नड वेगळे नोंदवता येते. एक लिहिण्यासाठी दुसरे खोडावे लागत नाही. पाट्यांवरून डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत. इथे मात्र जागा सर्वांना पुरते. अट एकच : नाव कोणीतरी भरले पाहिजे, आणि भरण्यापूर्वी ते खरे आहे का हे गल्लीत जाऊन विचारले पाहिजे.

आमच्या मुलांनी लष्करातली चाळीस ठिकाणे अशी विचारून भरली. खेळात मी तिसरा आलो. पहिली आली ती गाईंवाली मुलगी. दुसरी तिची आजी.

आपल्या गावच्या जुन्या पेठांची नावे अजून सांगू शकणारी एखादी आजी घरात असेल, तर या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर तिच्यापुढे एक कोरा कागदही ठेवावा.