तार जोडली, पण बोलणे होईना

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवळी लागते. तालुक्याचे ठिकाण आहे. भोवताली कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते. काही वर्षांपूर्वी इथल्या एका शाळेत आम्ही मुलांना उपक्रम दिला होता : घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेतीविषयी बोलते करायचे आणि ते बोलणे नोंदवायचे. सातवीतल्या एका मुलाने घरच्या बटणांच्या मोबाइलवर आपल्या आजीचे बावीस मिनिटांचे बोलणे टिपले. सरकी शेणामातीत चोळून का पेरत, वेचणीची मजुरी कशी ठरे, असे बरेच काही त्यात होते. पुढे उन्हाळ्यात आजी वारल्या. फोनची बॅटरी फुगली होती, तो कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. आवाज फोनच्या अंगच्या स्मृतीत होता; काढून घ्यावे असे कार्ड त्यात नव्हते. मुलगा फोन घेऊन शाळेत आला आणि म्हणाला, “सर, आजीचा आवाज भेटन का?”

फोन शाळेच्या संगणकाला जोडला. बॅटरीचे चिन्ह हलू लागले, पण संगणकाच्या पडद्यावर काहीच उमटेना. असा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आला असेल. अशा वेळी आपण तार काढतो, पुन्हा घालतो, संगणक बंद करून सुरू करतो. कधी काम होते, कधी होत नाही. पण का झाले आणि का झाले नाही, हे दोन्ही वेळा कळत नाही. त्या दुपारी आम्हाला एकामागून एक चार अडचणी आल्या. मागे वळून पाहताना लक्षात येते, की यातली प्रत्येक अडचण पूर्वी कोणाला तरी आली होती आणि तिच्यावर शोधलेला उपाय आज आपल्या फोनमध्ये आहे.

पहिली अडचण : तार

यूएसबी जोडणीचे पहिले प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी संगणकाच्या पाठीमागे कळफलकाला एक खोबण, छपाईयंत्राला दुसरी, मोडेमला तिसरी असा प्रकार होता. ‘सर्वांना एकच खोबण’ या कल्पनेमागे इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे प्रमुख अभियंता होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले.

या मूळ यूएसबी तारेच्या आत चार तारा असतात. दोन विजेसाठी : एक पाच व्होल्टची, दुसरी शून्याची. उरलेल्या दोन माहितीसाठी. पुढे मोबाइलची बॅटरीही याच खोबणीतून भरू लागली आणि केवळ बॅटरी भरण्यासाठी स्वस्त तारा बाजारात आल्या. त्यांतल्या कित्येकांत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून ही तार आणि चार तारांची तार यांत काही फरक दिसत नाही. आमची तार अशी दोन तारांची निघाली. कार्यालयातली दुसरी तार लावताच संगणकाने ‘टुंग’ असा आवाज केला.

मोबाइलच्या खोबणींचा गोंधळ मात्र बराच काळ चालला. एका कंपनीची तार दुसरीच्या फोनला बसत नसे. २००९ मध्ये युरोपात मोठ्या उत्पादकांनी एका समान खोबणीला संमती दिली, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे नव्या मोबाइलला ‘सी’ प्रकारची खोबण सक्तीची झाली. तारेचे टोक कोणते असावे, एवढ्याशा प्रश्नाला इतकी वर्षे लागली. कारण हा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि आपसांतल्या सहमतीचा अधिक होता.

दुसरी अडचण : ओळख

‘टुंग’ झाले म्हणजे काय झाले? फोनमधला दीड किलोओहमचा एक रोध माहितीची एक तार वरच्या विद्युत्‌दाबाकडे ओढतो. त्यावरून कोणीतरी आले आहे, हे संगणकाला कळते. मग तो विचारतो : तू कोण? कोणत्या कंपनीचा? तुला काय काय करता येते? या ओळखपरेडीतच तो पाहुण्याला एक क्रमांक देतो. एका यूएसबी जाळ्यात असे १२७ पर्यंत क्रमांक देता येतात.

आमच्या फोनच्या पडद्यावर आता तीन पर्याय आले : मास स्टोरेज, कॉम पोर्ट आणि वेबकॅम. मुलाने घाईत कॉम पोर्ट दाबले. संगणकाने ड्रायव्हर मागितला आणि गाडी पुन्हा थांबली. हा ‘कॉम पोर्ट’ म्हणजे या साऱ्या गोष्टीतला सर्वांत जुना भाग.

संगणकांना टेलिफोनच्या तारेवरून बोलायला लावण्याचे काम अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. टेलिफोन बनला होता माणसाच्या आवाजासाठी; संगणकाकडे तर फक्त शून्य आणि एक. मग त्यांचेच सूर केले. १९६२ मध्ये आलेल्या ‘बेल १०३’ या मोडेममध्ये फोन लावणारी बाजू शून्यासाठी १०७० हर्ट्‌झचा आणि एकसाठी १२७० हर्ट्‌झचा सूर काढी. उत्तर देणाऱ्या बाजूचे सूर निराळे, २०२५ आणि २२२५ हर्ट्‌झ. त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलले तरी गोंधळ होत नसे. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरे. आजींचे बावीस मिनिटांचे बोलणे सुमारे २० लाख बाइटचे होते. त्या मोडेमवरून ते पाठवायला साडेअठरा तास लागले असते!

मोडेम आणि संगणक यांच्यातल्या तारेचे नियम १९६० मध्ये ठरले. ते ‘आरएस-२३२’ या नावाने ओळखले जातात. त्यातही शिष्टाचार होता : एकाने ‘पाठवू का?’ विचारायचे, दुसऱ्याने ‘पाठव’ म्हणायचे, मगच माहिती सोडायची. १९८१ मध्ये हेज कंपनीच्या मोडेमने आणखी एक सोय केली. ‘एटी’ ही दोन इंग्रजी अक्षरे पाठवली की मोडेम सावध होई. पुढे ‘डी’ आणि क्रमांक दिला की तो क्रमांक फिरवी. पुढे मोबाइल फोनमध्येही ‘एटी’ने सुरू होणाऱ्या या आज्ञा तशाच घेतल्या गेल्या. आमच्या मुलाने ‘कॉम पोर्ट’ दाबले तेव्हा फोन म्हणत होता, ‘मी मोडेम आहे.’ संगणक त्याची फाइल दाखवील कशी? मोडेमजवळ फाइली नसतातच.

आपल्याकडे १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पातही मुंबईच्या संस्थांमधली संगणकीय टपाल सुरुवातीला टेलिफोन लावूनच जात असे. मोबाइल आणि संगणक जोडण्याचा एक लक्षणीय प्रयोग मात्र आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, उसाच्या मुलखात झाला.

कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर येथे १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत माहिती पोहोचवायची होती. गावागावांत संगणक ठेवले. प्रत्यक्षात त्यांचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदींपुरताच राहिला, आणि वीज, दुरुस्ती व जोडणी या अडचणी होत्याच. मग बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी वेगळा मार्ग शोधला. कारखान्यातील संगणकाला एक मोबाइल जोडला. शेतकऱ्याने गावातून ठरावीक सांकेतिक शब्दांत एसएमएस करायचा. तो या मोबाइलवर येई, तेथून संगणकात जाई, संगणक नोंदी धुंडाळी आणि उत्तर पुन्हा एसएमएसने परत जाई. सात गावांत आठ महिने ही चाचणी चालली. गावातल्या संगणकावर होणारी सर्व कामे अशी होऊ शकली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत अधिक आवडली. या प्रयोगाचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गावात महागडे यंत्र ठेवण्यापेक्षा लोकांच्या खिशातल्या यंत्राला संगणकाशी नीट बोलायला लावणे अधिक उपयोगाचे ठरले.

आमच्या फोनची तार काढून पुन्हा लावली आणि या वेळी ‘मास स्टोरेज’ निवडले. फोन एखाद्या डिस्कसारखा दिसू लागला. या पर्यायात फोन आपली स्मृती संगणकाच्या हवाली करतो आणि तेवढा वेळ स्वतः तिला हात लावत नाही. एका वहीत दोघांनी एकाच वेळी लिहिले तर वही खराब होणारच. २०११ च्या सुमारास अँड्रॉइड फोनांनी ही पद्धत सोडायला सुरुवात केली. त्यांत वही फोनच्याच हाती राहते आणि संगणक एकेक फाइल मागून घेतो. शिवाय २०१५ पासूनचे अँड्रॉइड फोन जोडल्यावर आधी फक्त बॅटरी भरतात. ‘फाइल पाठवा’ हा पर्याय आपण स्वतः निवडावा लागतो. अनोळखी संगणकाने फोनमधली माहिती परस्पर उचलू नये, यासाठी ही खबरदारी आहे. फोन दिसत नाही अशी तक्रार आली, की तारेनंतर हीच गोष्ट पाहावी.

तिसरी अडचण : माहिती पुरी आली का?

फाइल दिसताच आम्ही ती संगणकावर उतरवली आणि आनंदाच्या भरात मुलाने तार उपटली. पाहतो तर फाइलचा आकार फोनमध्ये दिसत होता त्यापेक्षा कमी!

चुकीची किंवा अपुरी माहिती ओळखायची कशी, हा प्रश्न तारायंत्राच्या काळापासूनचा. १८६६ मध्ये रेल्वे वर्ध्याला पोहोचली. कापसाच्या व्यापारात तारेने जाणाऱ्या भावाला मोठे महत्त्व आले. भावातला एक आकडा चुकला तर केवढे नुकसान! म्हणून तारेतले आकडे पुन्हा पाठवून पडताळत.

संगणकासाठी याच कल्पनेचे सोपे रूप शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये ‘एक्समोडेम’ या नियमावलीत दिले. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यासोबत त्यातल्या अंकांच्या बेरजेचा शेवटचा भाग पाठवायचा. घेणाऱ्याने स्वतः बेरीज करून पाहायची. जुळली तर ‘मिळाले’, नाही तर ‘पुन्हा पाठव’. आजच्या यूएसबीत आणि ब्लूटूथमध्ये गणित अधिक पक्के आहे, पण संवाद हाच.

फोन अजून जिवंत होता. आम्ही फाइल पुन्हा उतरवली, दोन्हीकडचे आकार ताडून पाहिले आणि मग ‘सुरक्षितपणे काढा’ म्हणून तार काढली.

चौथी अडचण : भाषा

फाइल आली, पण वाजेना. बटणांच्या फोनने आवाज ‘एएमआर’ या स्वरूपात साठवला होता. टेलिफोनवरचे बोलणे कमीत कमी जागेत बसवण्यासाठी ही पद्धत असून मोबाइलसाठी ती १९९९ मध्ये स्वीकारली गेली. संगणकातला प्लेअर ती जाणत नव्हता. ती जाणणारा प्लेअर घातल्यावर आजी बोलू लागल्या. वर्गात कोणी हलले नाही.

मग मुलांनी ते बोलणे संगणकावर उतरवले आणि तो मजकूर घरच्यांच्या फोनवर पाठवला. फोनवर उमटली निरर्थक इंग्रजी अक्षरे! शाळेच्या संगणकावर जुना मराठी फाँट होता. अशा फाँटमध्ये आत साठतो इंग्रजी अक्षराचा क्रमांक; त्यावर मराठी अक्षराचे चित्र तेवढे चढवलेले असते. ते चित्र फोनजवळ नसेल तर मूळ इंग्रजी अक्षर उघडे पडते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९८८ मध्ये झाले. त्याच्याच आधारे १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जगभर मान्य असे क्रमांक मिळाले. तरी ‘ॲ’ हे आपले अक्षर युनिकोडमध्ये यायला २००८ साल उजाडले. जुन्या फोनवर ‘ॲ’च्या जागी चौकट दिसते ती यामुळे.

वर्गात करून पाहा

एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात आणि मराठीसाठी प्रत्येक चिन्हाला १६. मुलांना दोन्ही भागाकार करू द्या. उत्तरे १६० आणि ७० येतील. मग ‘देवळी’ या शब्दात किती चिन्हे आहेत ते मोजायला सांगा. द, े, व, ळ, ी अशी पाच. ‘क्षि’ या एका अक्षरात किती?

दुसरा खेळ बेरजेचा. एका मुलाने दुसऱ्याला पाच अंक आणि त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक कानात सांगायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटी बेरीज जुळते का पाहायचे. दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज ती चूक पकडते का? नाही. मग प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाच्या क्रमांकाने गुणून बेरीज घेतली तर? आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच पडताळ्याचा असतो. त्याची रीत व्हरहुफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये दिली, आणि शेजारच्या अंकांची अदलाबदल ती पकडते.

जोडणी अडली की याच क्रमाने जावे : तार पुरी आहे का, ओळख पटली का, आपण योग्य नात्याने जोडलो आहोत का, माहिती पुरी आली का, आणि ती वाचणारी भाषा दोघांजवळ आहे का. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर चूक कोणती होती ते कळत नाही. प्रयोगशाळेत मुलांना आपण हेच शिकवतो.

आजींच्या आवाजाच्या आता तीन प्रती आहेत : एक शाळेत, एक त्यांच्या घरी, एक माझ्याजवळ. फोन त्याच पावसाळ्यात बंद पडला.