हजार मीटरची रेघ

उन्हाळ्याच्या शेवटी भाटघर धरणाचं पाणी उतरतं आणि वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. वर्षातले दोनेक महिने दर्शन, बाकी काळ देव पाण्याखाली. भोरहून तिकडे गेलो तेव्हा सुकलेल्या गाळातून चालत देवळापर्यंत पोचलो. मागे वळून पाहिलं तर डोंगराच्या अंगावर पाण्याची खूण दिसत होती, खाली उघडी माती आणि वर हिरवळ. आजचं धरण १९२७ साली पूर्ण झालं, म्हणजे ही रेघ जवळजवळ शंभर वर्षांची. भोर-वेल्ह्याच्या इतिहासात अशा बऱ्याच रेघा आहेत आणि त्यातली जवळपास एकही इथल्या माणसाने ओढलेली नाही.

शेजारच्या मुळशीत रेघ ओढली गेली तेव्हा मात्र लोक तिच्यावर जाऊन बसले. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही नावं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. शाळेत जे सांगत नाहीत ते असं की, त्या जमिनींपैकी बऱ्याच पुण्यातल्या सावकारांच्या ताब्यात गेल्या होत्या आणि सावकारांना मोबदला हवा होता. कसणाऱ्याला जमीन हवी आणि मालकाला पैसा, या फटीतून लढा खचत गेला. १९२४ पर्यंत तो संपला.

निसर्ग वाचवा, असं तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. भातखाचरं वाचवायची होती. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ऐंशी-नव्वद वर्षांनी राजगड-तोरण्याच्या पलीकडे, मोसे खोऱ्यात याच्या नेमकं उलट घडलं.

वरसगावच्या धरणाने खोरं आधीच बुडवलं होतं. उरलेली गावं वर सरकलेली. राज्य सरकारने नोव्हेंबर १९९६ मध्ये खासगी गिरिस्थानांसाठी नियम केले आणि जून २००१ मध्ये मुळशी व वेल्हे तालुक्यांतली १८ गावं त्यासाठी अधिसूचित केली. तिथे लवासा उभं राहू लागलं. मुगावसारख्या गावांतून तक्रारी आल्या त्या जमिनीच्या होत्या: सीलिंगमध्ये मिळालेली जमीन विकली कशी गेली, सातबाऱ्यावरचं नाव बदललं कसं. मेधा पाटकर आणि जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने त्या तक्रारी लावून धरल्या. पण काम थांबलं ते दुसऱ्याच कारणाने. २५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली कारणे दाखवा नोटीस काढली.

आणि मग वाद कशावर झाला? समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर. १९९४च्या अधिसूचनेनुसार हजार मीटरच्या वरच्या पर्यटन प्रकल्पांना केंद्राची परवानगी लागे. कंपनी म्हणे, आमचं बांधकाम त्या रेघेच्या खाली आहे आणि राज्याची परवानगी मार्च २००४ मध्येच घेतलेली आहे. मंत्रालय म्हणे, राज्याला तो अधिकारच नव्हता, शिवाय जुलै २००४च्या दुरुस्तीने मोठी बांधकामंही केंद्राच्या कक्षेत आली. पोकलेनने कापलेला डोंगर सगळ्यांना दिसत होता, पण तो डोंगर आहे की नाही हे नकाशावरची रेघ ठरवणार होती. ९५० मीटरवर उगम पावणारा ओढा काय कमी वाहतो?

९ नोव्हेंबर २०११ रोजी अटींसह पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली. पुढे प्रकल्प थांबला तो कर्जामुळे. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कायद्यांतल्या दुरुस्त्यांना आव्हान देणारी जनहित याचिका उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकालात काढली. फार उशीर झाला म्हणून दिलासा नाही. मूळ प्रश्न, जमीन कोणाची हा, पर्यावरणाच्या फायलीत शिरला आणि त्या फायलीत त्याला रकानाच नव्हता. पर्यावरण कायदा नसता तर काहीच थांबलं नसतं, हेही खरं. मी त्या नोटिशीला नावं ठेवत नाही.

आता पाळी पुढच्या रेघेची आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये सह्याद्रीचे संवेदनशीलतेनुसार भाग पाडले, पण अंतिम हद्दी ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असंही सुचवलं. ते बाजूला पडलं. कस्तुरीरंगन समितीने उपग्रह-छायाचित्रांवरून गावांच्या याद्या केल्या. पहिला मसुदा मार्च २०१४चा, सहावा ३१ जुलै २०२४चा. महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर त्यात आहेत. दहा वर्षं नुसते मसुदेच.

वेल्ह्यात (कागदोपत्री आता राजगड तालुका, जुनं नाव जिभेवरून जात नाही) एका चहाच्या टपरीवर मी हा विषय काढला. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "आमचं गाव यादीत हाय म्हणत्यात. घराला वरचा मजला चढवाया बंदी येणार का, तेवढं सांगा." मसुद्यातली बंदी खाणी, औष्णिक वीज आणि २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर आहे, असं मी सांगितलं. गावात येऊन हे कोणी सांगितलं नव्हतं का, असं विचारलं.

"साहेब आलं हुतं," त्या म्हणाल्या. "मोजणीला."