आवाजाचा झोका

राजारामपुरीतला आमचा एक विद्यार्थी परवा म्हणाला, “सर, वर्षभर पैसे साठवलेत. इलेक्ट्रिक गिटारला ट्रेमोलोचं पेडल कोणतं घेऊ?” मी म्हटलं, “अगोदर घरातली पेटी काढ.”

पुष्कळशा हार्मोनियमना ट्रेमोलोची खुंटी असते. ती ओढली की हवेच्या वाटेवरची लहानशी झडप हलू लागते. सूर तोच राहतो; आवाज मात्र लहानमोठा होत झुलतो. आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी (१८८१–१९५५) जिच्यावर कीर्ती मिळविली, त्या पेटीच्याच जातीतली ही युक्ती. पुढे १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत हाच झोका गिटारला विजेच्या यंत्राने मिळू लागला.

घोटाळा झाला तो नावात. १९५४ साली फेंडर कंपनीने आपल्या गिटारवरील दांडीला ‘ट्रेमोलो’ म्हटले. ती तर सूरच खालीवर करते! म्हणून दुकानात नावावर जाऊ नका, कानावर जा. एकच सूर धरून ऐका. वेगाची कळ गाण्याच्या लयीशी जुळवा. झोका किती मोठा, हे ठरविणारी दुसरी कळ बेताने फिरवा. सूर झुलावा, पण बुडू नये.