जुन्या इंग्रजी दुनळी बंदुकांवरील नाममुद्रा व त्यांतील फेरफार

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी दुनळी बंदुकीवर साधारणतः तीन प्रकारच्या खुणा आढळतात : पेढीचे कोरीव नाव, अनुक्रमांक आणि नळ्यांच्या तळाशी उमटविलेले कसोटीचे शिक्के. या तिन्हींतील फेरफार सारखेच निंद्य होत, अशी एक समजूत आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शिक्क्यांचा प्रश्न सरळ आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नेहमीहून जड बार भरून नळी उडवावयाची आणि ती टिकल्यास शिक्का मारावयाचा, ही तेथील रीत. खोटा शिक्का मारणे हा १८६८ च्या कायद्यान्वये गुन्हा होता. प्रश्न बंदूक उडविणाऱ्याच्या हाताडोळ्यांचा होता.

नावाची गोष्ट निराळी. बर्मिंगहॅममध्ये नळी एकाने, खटका दुसऱ्याने, दस्ता तिसऱ्याने करावा आणि तयार मालावर परगावच्या विक्रेत्याचे नाव कोरावे, हा राजरोस व्यवहार होता. ते नाव कर्त्याचे नव्हे, जामिनाचे. उलट, लिएजच्या काही स्वस्त बंदुकांवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे नाव घालीत, ते वेस्टली रिचर्ड्स या पेढीचा भास व्हावा म्हणूनच. अशा व्यवहारास १८८७ च्या मालचिन्हविषयक कायद्याने आळा घालू पाहिला.

मग झिजलेले खरे नाव पुन्हा कोरून घेण्यास हरकत कोणती? शिलालेखाची पुसट अक्षरे छिन्नीने खोल करणाऱ्यास आपण संशोधक म्हणणार नाही. येथेही न्याय तोच लागतो. झीज हा स्वतःच एक पुरावा आहे. परंतु माझ्या मते सर्वांत गंभीर अपराध अनुक्रमांकात हात घालण्याचा. पर्डीसारख्या पेढ्यांच्या वह्यांत क्रमांकावरून मूळ ग्राहक, साल आणि नळ्यांचे माप सापडते. क्रमांक बदलला की वस्तू व दप्तर यांचा संबंध तुटतो, आणि वही खरी असूनही खोटी साक्ष देऊ लागते. आपल्याकडील कूट ताम्रपटांच्या अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नसावा.

नळ्या निकामी झाल्यास त्या मुळाजवळ कापून मागील भागात नव्या नळ्या बसविण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. अशा नळ्यांची पुन्हा कसोटी होते आणि त्यांवर ‘स्लीव्हड्’ हा शब्द उमटवावा लागतो. म्हणजे फेरफार होतो, पण लपत नाही. अशा बंदुकीस किंमत कमी येते. शब्द घासून काढण्याचा मोह त्यातून उपजतो. तो घासला तरी मुळापासून काही इंचांवरील सांधा तिरप्या उजेडात पुष्कळदा दिसतो.